खर्जाची संहिता

घरातल्या जुन्या स्टीरिओला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सबवूफर जोडणे हे काम तसे अर्ध्या तासाचे. एक जड, काळी, चौकोनी पेटी. तिच्या पाठीमागे वायरी घालण्यासाठी दोन-तीन प्रकारची छिद्रे आणि फिरवायच्या दोन-तीन खुंट्या. वायर कोठून कोठे न्यायची हे माहितीपत्रकात लिहिलेले असते. मात्र त्या खुंट्या नेमक्या कोठे थांबवायच्या, हे माहितीपत्रक सांगत नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवायचे असते. आणि ते ठरवू लागल्यावर लक्षात येते, की हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. मुळात काय होते, वाटेत काय गळले आणि आपण पदरचे काय घालतो आहोत, असा तो प्रश्न आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो अपरिचित नाही. त्याला आपण पाठसंशोधन म्हणतो.

मी हे काम केले तेव्हा चाचणीसाठी दोन ध्वनिमुद्रणे लावली. एक अलीकडचे, ख्यालगायनाचे, तबल्याच्या साथीसह. दुसरे १९२५ पूर्वीच्या एका तबकडीवरून सीडीवर उतरवलेले. पहिल्यात डग्ग्याचा घुमारा, जो आजवर या घरात केवळ सूचित होत असे, तो प्रत्यक्ष खोलीत आला. दुसऱ्यात मात्र नव्या पेटीतून गाणे आलेच नाही. आली ती एक मंद गडगड. आणि ती मैफलीतली नव्हती, तबकडी फिरवणाऱ्या यंत्राची होती. खुंटी वाढवली तशी गडगड वाढली, घुमारा मात्र आला नाही. जे मुळात लिहिलेच गेले नव्हते ते वाचण्याचा प्रयत्न मी करीत होतो.

ते का लिहिले गेले नव्हते, पुढे ते केव्हा लिहिले जाऊ लागले, आणि लिहिले गेल्यावरही आपल्या घरापर्यंत पोचायला त्याला इतकी वर्षे का लागली, याचा इतिहास रोचक आहे. प्रस्तुत लेखात त्याची मांडणी करण्याचा हेतू एवढाच, की त्या काळ्या पेटीमागची प्रत्येक खुंटी ही या इतिहासातल्या एकेका तडजोडीची खूण आहे, हे दाखवावे.

एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा आणि बर्लिनरचा ग्रामोफोन १८८७चा. तेथून १९२५पर्यंतचे ध्वनिमुद्रण पूर्णपणे विजेविना चालत असे. गायक कर्ण्याच्या तोंडाशी उभा राही; त्याच्या आवाजाने कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशी असलेला पडदा कंप पावे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर खाच कोरीत जाई. खाच कोरण्याचे सर्व बळ गायकाच्या श्वासातून यायचे. दुसरे कोणतेही बळ उपलब्ध नव्हते. अशा व्यवस्थेत आवाजाचा मधला पट्टा तेवढा नीट उमटे. ढोबळमानाने हा पट्टा सुमारे २५० ते २५०० हर्ट्झ असा सांगितला जातो. मनुष्याचा कान २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतची कंपने टिपतो, हे ध्यानात घेतले म्हणजे किती काही कर्ण्याबाहेर राहिले याची कल्पना येते. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणात डबल बेससारखी खर्जातली तंतुवाद्ये काढून त्यांच्या जागी ट्यूबा हे फुंकवाद्य बसवीत. व्हायोलिनला धातूचा कर्णा जोडलेले स्ट्रोचे व्हायोलिन वापरात आले. ढोलांना तर दूरच उभे करीत, कारण मोठ्या थापेने सुई खाचेबाहेर उडण्याची भीती असे. म्हणजे यंत्राला पेलेल अशी संहिता आधी तयार करायची आणि मग तिची नोंद करायची, असा तो व्यवहार होता.

१९०२ साली फ्रेड गाइसबर्गने कलकत्त्यात गौहरजान यांचे मुद्रण केले ते याच यंत्रावर. पुढे १९०८मध्ये कलकत्त्यात सियालदह येथे तबकड्यांचा कारखाना निघाला आणि ध्वनिमुद्रिका मध्यमवर्गीय घरात येऊ लागल्या. या काळातल्या तबकड्या ऐकताना तबल्याच्या उजव्या अंगाची चाट कानी पडते. डग्गा मात्र जवळजवळ नसतोच. आता समजा, त्या काळच्या साथसंगतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने केवळ या तबकड्यांवर विसंबून असे विधान केले, की विसाव्या शतकाच्या आरंभी डग्ग्याला फारसे स्थान नव्हते. हे विधान धादांत चुकीचे ठरेल. साधन बोलत नाही म्हणून घटना घडली नव्हती, असे म्हणता येत नाही. साधन का बोलत नाही हे आधी विचारावे लागते. इतिहासलेखनाचा हा पहिला धडा आपण कागदपत्रांच्या संदर्भात शिकवतो. ध्वनिमुद्रिकांच्या बाबतीत मात्र तो सहज विसरतो, कारण आवाज ऐकू आला, की तो संपूर्ण आहे असे वाटू लागते.

कलकत्त्यातच याच सुमारास चंद्रशेखर वेंकट रामन भारतीय वाद्यांचा अभ्यास करीत होते, हा योगायोग लक्षणीय आहे. १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर' या नियतकालिकात त्यांनी भारतीय चर्मवाद्यांवर टिपण लिहिले. साध्या ताणलेल्या चामड्याचे उपस्वर एकमेकांशी सुसंवादी नसतात, म्हणूनच सामान्य ढोलातून निश्चित स्वर निघत नाही. मृदंग-तबल्याच्या पुडीवर मधोमध शाईचा थर चढवला, की ते उपस्वर मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणात येऊन बसतात आणि चामडे गाऊ लागते. पुढच्याच वर्षी, १९२१मध्ये, त्यांनी तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीसंबंधी लिहिले. जवारीच्या रुंद, किंचित वक्र पृष्ठभागामुळे तारेतून उपस्वरांचा जो समृद्ध पट निघतो तो तारेच्या कंपनांविषयीच्या प्रचलित नियमात बसत नाही, असे त्यांनी दाखवले.

तंबोऱ्याचा मुद्दा आपल्या विषयाच्या अगदी मर्माचा आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा. म्हणजे तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेची कंपनसंख्या सुमारे ६९ हर्ट्झ. कर्ण्याच्या पट्ट्याच्या ती कितीतरी खाली. किंबहुना गायकाच्या षड्जाचा मूलस्वरच त्या पट्ट्याबाहेर पडतो. तरीही जुन्या तबकडीवर पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो आणि षड्ज षड्जाच्या जागीच ऐकू येतो. याचे कारण यंत्रात नसून कानात आहे. मूलस्वर गाळला, पण त्याचे उपस्वर कायम ठेवले, तर कान त्या उपस्वरांवरून गळलेला मूलस्वर स्वतः जुळवून घेतो. झेबेक या जर्मन शास्त्रज्ञाने १८४१मध्येच या घटनेकडे लक्ष वेधले होते आणि विसाव्या शतकात स्काउटेन या डच संशोधकाने तिचा पद्धतशीर अभ्यास केला. जुन्या टेलिफोनवरून ३०० हर्ट्झच्या खालचे फारसे काही जात नसे, तरी वडिलांचा जाड आवाज आपण लगेच ओळखत होतो, तो याच बळावर. वाचक जसा गाळलेल्या जागा आपल्या भाषाज्ञानाने भरतो, तसा श्रोताही भरतो. फरक इतकाच, की स्वराची उंची अशी भरून काढता येते. त्याचे वजन, छातीवर जाणवणारा त्याचा स्पर्श मात्र भरून काढता येत नाही. डग्ग्याचा घुमारा हा बहुतांशी वजनाचाच मामला आहे.

१९२५ हे वर्ष या इतिहासात दुहेरी महत्त्वाचे आहे. मॅक्सफील्ड आणि हॅरिसन यांनी विकसित केलेली विद्युत-ध्वनिमुद्रणाची पद्धत त्या वर्षी अमेरिकेत व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी स्वीकारली. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला, खाच कोरण्याचे बळ विजेने पुरवले आणि मुद्रणाचा पट्टा खाली सुमारे १०० हर्ट्झपर्यंत, वर सुमारे ५००० हर्ट्झपर्यंत रुंदावला. त्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी कर्णा नसलेल्या स्पीकरविषयीचा निबंध प्रसिद्ध केला: चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे, वेटोळ्याला जोडलेला कागदी शंकू आणि शंकूच्या पुढची हवा मागच्या हवेत मिसळू नये म्हणून भोवती फळी. आज शंभर वर्षांनंतरही आपल्या घरातला बहुतेक प्रत्येक स्पीकर याच आराखड्यावर चालतो. विशेष म्हणजे १९२६मध्ये या शोधावर आधारलेला जो रेडिओला १०४ हा स्पीकर बाजारात आला, त्याच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता. स्वतःच्या शक्तीवर चालणारा स्पीकर ही कल्पना, म्हणजे, सबवूफरपेक्षा कितीतरी जुनी आहे.

लिहिण्याची सोय झाली तरी वाचणे सोपे झाले नाही. खर्ज हा यंत्राच्या दृष्टीने फार महागडा आवाज आहे. एखाद्या शंकूला १०० हर्ट्झचा स्वर विशिष्ट दाबाने काढायला जेवढे पुढेमागे सरकावे लागते, त्याच्या चौपट सरकावे लागते तेव्हा एक सप्तक खालचा, ५० हर्ट्झचा स्वर तेवढ्याच दाबाने निघतो. २५ हर्ट्झसाठी सोळापट. त्यात आणखी भर कानाच्या पक्षपाताची. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू असताना आपला कान खर्जाच्या बाबतीत फार मंद असतो. मधल्या स्वरांइतका खर्ज ऐकू यायचा तर तो प्रत्यक्षात पुष्कळ अधिक जोराचा असावा लागतो. आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांवर 'लाउडनेस' नावाचे जे बटण असे, ते या निष्कर्षाचेच घरगुती रूप. रात्री हळू आवाजात रेडिओ ऐकणाऱ्या माणसाच्या कानाची उणीव ते बटण भरून काढी.

१९४८च्या जूनमध्ये कोलंबियाने दीर्घवादन तबकडी आणली आणि खर्जापुढे नवाच पेच उभा राहिला. एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत बसवायचे तर खाचा एकमेकींना खेटून असायला हव्यात. आणि खर्ज नोंदवताना खाच तर सर्वांत जास्त डावी-उजवीकडे डुलते. यावर उपाय असा, की तबकडी कोरतानाच खर्ज मुद्दाम कमी करायचा आणि वाजवताना अ‍ॅम्प्लिफायरने तो तेवढाच वाढवायचा. प्रत्येक कंपनीचे या कमी-अधिकाचे प्रमाण आधी वेगवेगळे होते. १९५४मध्ये अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण ठरवले आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. त्यानुसार १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज सुमारे १९ डेसिबलने, म्हणजे दाबाच्या हिशेबात जवळजवळ नऊपट, कमी करून कोरला जातो. मोडी कागदपत्रांत तारखेआधीचा 'छ' पाहून वाचकाने 'चंद्र' वाचायचे असते. लेखकाने संक्षेप केला, कारण वाचकाजवळ किल्ली आहे याची त्याला खात्री होती. दीर्घवादन तबकडीवरचा खर्ज हा असाच संक्षेप आहे. किल्ली नसलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला ही तबकडी जोडली, की संगीत किरटे आणि पोकळ ऐकू येते. आणि १९५४ पूर्वीची तबकडी आजच्या किल्लीने उघडली, तर पाठ थोडासा चुकतो.

स्टीरिओ तबकड्या १९५८पासून सर्रास विकल्या जाऊ लागल्या. त्यांच्यात खाचेच्या दोन भिंतींवर दोन बाजूंचे आवाज कोरलेले असतात. डाव्या-उजव्या बाजूंचा खर्ज परस्परविरुद्ध पडला तर सुई वर-खाली उडू लागते. म्हणून कोरणारा तंत्रज्ञ सर्वांत खालचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवी. अनेकांना प्रश्न पडतो, की स्पीकर दोन असताना सबवूफर एकच कसा चालतो. त्याच्या उत्तराचा एक भाग येथे आहे: खर्ज पुष्कळदा मुळातच एका जागी आणून ठेवलेला असतो. दुसरा भाग पुढे येईल.

याच १९५४ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी अकूस्टिक रिसर्च नावाची कंपनी काढली. तोवर खरा खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागे. व्हिल्चर यांनी छोटी पेटी पूर्ण हवाबंद केली, शंकूची कड अगदी सैल ठेवली आणि त्याला जागेवर आणण्याचे काम आतल्या कोंडलेल्या हवेकडे सोपवले. हवेची ही स्प्रिंग धातूच्या किंवा कापडाच्या स्प्रिंगेपेक्षा अधिक समप्रमाणात वागते, त्यामुळे खर्ज स्वच्छ येतो. पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीतून खर्ज येऊ शकतो हे जगाला प्रथम पटवून दिले ते यांनी. व्हिल्चर यांची पदव्युत्तर पदवी कलेतिहासाची होती, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगण्याजोगी आहे. मूळ आणि प्रतिकृती यांच्या संबंधाविषयीची त्यांची आस्था त्यांच्या कामात दिसते. १९५९पासून त्यांच्या कंपनीने असे कार्यक्रम केले, की फाइन आर्ट्स क्वार्टेटचे वादक मंचावर वाजवीत असताना मध्येच थांबत आणि स्पीकर तेच संगीत पुढे चालू ठेवीत. सांधा कोठे आहे हे श्रोत्यांनी ओळखायचे. 'मुळाशी ताडून पाहणे' ही पाठचिकित्सेची कसोटी त्यांनी भर सभागृहात लावली.

खर्जासाठी निराळी पेटीच असावी, हा विचार साठच्या दशकातला. १९६४मध्ये कॅलिफोर्नियातल्या रेमन डोन्स यांना स्टीरिओच्या खर्जाला जोड देणाऱ्या अशा स्वतंत्र स्पीकरचे पेटंट मिळाले. १९६८च्या इन्फिनिटी सर्वो-स्टॅटिक या महागड्या संचात अठरा इंची शंकूची वेगळी खर्जपेटी होती. १९७३मध्ये स्टीली डॅन या गटाच्या 'प्रेत्सेल लॉजिक' या संग्रहाचे मिश्रण चालू असताना केन क्राइसेल यांनी आपल्या सबवूफरचा प्राथमिक नमुना स्टुडिओत नेला. हेतू असा, की फितीवर खाली नेमके काय उमटले आहे ते मिश्रण करणाऱ्यांना ऐकू यावे. या परंपरेत सबवूफर हे वाचनाचे साधन आहे. अक्षर बारीक आहे म्हणून भिंग हाती घ्यावे तसे.

पण सबवूफरची दुसरीही एक वंशावळ आहे आणि ती चित्रपटगृहातून येते. १९७४च्या 'अर्थक्वेक' या चित्रपटासाठी युनिव्हर्सलने सेन्सराउंड नावाची पद्धत आणली. भूकंपाच्या प्रसंगी चित्रफितीवरच्या खुणेचा इशारा मिळताच प्रेक्षागृहात बसवलेले यंत्र स्वतःच गडगडाट निर्माण करी आणि प्रचंड स्पीकरांतून तो सोडी. म्हणजे हा खर्ज मूळ फितीवर कोठे नव्हताच. 'येथे खर्ज घालावा' एवढीच सूचना होती. प्रक्षेपाला इतकी राजमान्यता क्वचितच मिळाली असेल. १९७७च्या 'स्टार वॉर्स'च्या सत्तर मिलिमीटर प्रतींत खर्जासाठी वेगळा मार्ग राखून ठेवला गेला. १९९२च्या 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आले, त्यातल्या '५.१' या संज्ञेतला 'पॉइंट एक' म्हणजे फक्त खर्जपरिणामांसाठी राखलेला तोकडा मार्ग. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीव्हीडीबरोबर तो घराघरांत आला. आपल्याकडेही 'होम थिएटर' हा शब्द आणि त्यासोबत 'वूफर' याच वाटेने दिवाणखान्यात आले. त्यामुळे आपल्या मनात सबवूफर म्हणजे स्फोट, घोड्यांच्या टापा आणि गाण्यातला ठोका हे समीकरण दृढ झाले, तर नवल नाही.

आता त्या पेटीच्या मागच्या बाजूकडे पुन्हा पाहावे. तेथे या दोन्ही वंशावळी शेजारी शेजारी नांदताना दिसतात. 'एलएफई' असे लिहिलेले छिद्र चित्रपटाच्या घराण्याचे. तेथून आत येणारा आवाज आधीच गाळून घेतलेला आहे असे पेटी गृहीत धरते आणि स्वतःची गाळणी बाजूला ठेवते. दोन स्पीकरांच्या जुन्या स्टीरिओत असा वेगळा मार्ग नसतो. त्याची वायर चुकून येथे घातली, तर गायकाचा आवाजही जमिनीवरच्या पेटीतून घोगरा येऊ लागतो. स्टीरिओसाठी 'लाइन इन'ची जोडी वापरायची. अ‍ॅम्प्लिफायरला 'प्री-आउट' असेल तर तेथून साध्या आरसीए पिनच्या वायरी या जोडीत आणाव्यात. तो नसेल, आणि जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांना बहुधा नसतोच, तर सबवूफरवर स्पीकरच्या वायरीसाठी निराळी टोके असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या ज्या टोकांतून स्पीकरला वायर जाते, तेथूनच दुसरी वायर या टोकांकडे न्यायची; स्पीकर जागच्या जागी राहतात. सबवूफर स्वतःच्या विजेवर चालत असल्याने अशी जोडणी जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर जवळजवळ काहीच भार टाकीत नाही. मात्र स्पीकरची वायर लाइनच्या छिद्रात कधीही घालू नये, आणि सर्व जोडणी वीज बंद ठेवून करावी.

पहिली खुंटी सीमारेषेची: कोणत्या कंपनसंख्येच्या खालचे काम पेटीने घ्यावे. चित्रपटध्वनीच्या क्षेत्रात टॉमलिन्सन होल्मन यांच्या टीएचएक्स पद्धतीमुळे ८० हर्ट्झ हा आकडा रूढ झाला. ८० हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वाचार मीटरांहून अधिक असते. आपल्या दोन कानांतले अंतर वीतभर. एवढ्या लांब लाटेची दिशा त्यांना नीट कळत नाही. एकाच सबवूफरने भागते, याचे हे दुसरे कारण. सीमारेषा फार वर नेली, की पेटीचा ठावठिकाणा कानाला लागतो आणि मैफल दुभंगते. दुसरी खुंटी कलेची, तांत्रिक भाषेत फेजची: स्पीकरचा शंकू पुढे येत असताना पेटीचा शंकू मागे जात असेल, तर दोघे एकमेकांना खोडतात आणि पेटी वाढवूनही खर्ज कमीच होतो. दोन्ही स्थिती ऐकून जीत आवाज भरीव वाटेल ती ठेवावी. तिसरी खुंटी प्रमाणाची.

याखेरीज खोलीचेही स्वतःचे मत असते. ४.३ मीटर लांबीच्या खोलीत ४० हर्ट्झची अर्धी लाट भिंतीपासून भिंतीपर्यंत चपखल बसते. मग तो स्वर भिंतींजवळ फुगतो आणि मध्यावर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून जाणकारांनी एक युक्ती काढली आहे: पेटीच ऐकणाऱ्याच्या खुर्चीवर ठेवायची, खर्जाचे संगीत लावायचे आणि आपण रांगत रांगत भिंतीकडेने फिरायचे, जेथे खर्ज सर्वांत समतोल ऐकू येईल तेथे पेटीची जागा. प्रतिष्ठित प्राध्यापकाने हे काम दार लावून करावे. आणखी एक व्यत्यय म्हणजे आपल्या घरातल्या विजेचा. तिची कंपनसंख्या ५० हर्ट्झ, म्हणजे नेमकी सबवूफरच्या राज्यातली. अर्थिंग दोन ठिकाणांहून निराळे आले तर गुणगुण सुरू होते. दोन्ही यंत्रे एकाच विजेच्या पट्टीवर लावल्यास ती बहुधा थांबते.

प्रमाणाच्या तिसऱ्या खुंटीला मात्र घराबाहेरही एक बाजू आहे. लांब लाटेला भिंत फारशी अडवीत नाही. शेजाऱ्याला आपले गाणे ऐकू जात नाही, फक्त ठोका जातो. आपल्याकडच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण ती मोजायची 'ए' या मापश्रेणीने. ही श्रेणी हळू आवाजातल्या कानाच्या स्वभावावर बेतलेली असल्यामुळे ५० हर्ट्झच्या आवाजातले सुमारे ३० डेसिबल ती वजा करते. मिरवणुकीतल्या स्पीकरांच्या भिंतीसमोर खिडकीची तावदाने थरथरतात, म्हाताऱ्या माणसाच्या छातीत धडधडते, आणि मापकावरच्या आकड्यात त्यातले बरेचसे दिसतच नाही. कर्ण्याने खर्ज गाळला तो दुबळेपणामुळे. येथे तो मोजण्याच्या रीतीतून गळतो. दोन्हीकडे परिणाम एकच: नोंदीत जे नाही ते घडलेच नाही, असे मानणे सोयीचे होते.

शंभर वर्षांच्या या वाटचालीतून मला एक विवेक हाती लागल्यासारखा वाटतो. खर्जाची अनुपस्थिती एकाच प्रकारची नसते. १९२५ पूर्वीच्या तबकडीवर तो लिहिलाच गेला नाही. तेथे कितीही भिंगे लावली तरी दिसणार नाही, आणि दिसलेच काही तर ते आपले असेल. दीर्घवादन तबकडीवर तो संक्षेपाने लिहिला आहे; तेथे योग्य किल्ली लावणे हे वाचकाचे कर्तव्यच आहे. सीडीवर, जी १९८२मध्ये बाजारात आली, खाचेची अडचणच नसल्याने तो पूर्ण लिहिता येतो. तेथे तो न ऐकू येण्याचे कारण आपले छोटे स्पीकर, आणि सबवूफर जोडणे म्हणजे पुसट पान उजेडात धरणे. भूकंपाच्या चित्रपटात तो मुळात नव्हता आणि जाणीवपूर्वक घातला; तेथे त्याला परिणाम म्हणावे, पाठ म्हणू नये. या चारही अवस्थांना एकाच खुंटीने सामोरे जाणारा श्रोता ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतले सगळे पाठभेद एकाच शाईने दुरुस्त करणाऱ्या लेखनिकासारखा आहे.

माझ्या घरी पेटी आता दोन स्पीकरांच्या मधोमध नाही, उजवीकडच्या भिंतीला, अनपेक्षित अशा जागी आहे. तिची खुंटी अशा ठिकाणी थांबवली आहे, की ती चालू आहे हे पाहुण्यांच्या लक्षात येत नाही. बंद केली तर मात्र काहीतरी गेले, असे वाटते. १९२५ पूर्वीची तबकडी लावायची असते तेव्हा मी पेटीचे बटण बंद करतो. विद्यार्थी ऐकायला आले, तर त्यांना आधी सांगतो, की या गायकामागे एक तबलजी बसला आहे, त्याचा डावा हात चालू आहे आणि तो आपल्याला ऐकू येणार नाही. मग सुई टेकवतो तशी सीडी सुरू करतो, आणि आम्ही ऐकू लागतो.